सेंट अँड्र्यूज : मरता मरता वाचलेलं विद्यापीठ

शेवंती (धागाकर्ती)

लेकीचं पदव्युत्तर शिक्षण स्कॉटलंडमधल्या सेंट अँड्र्यूजला झालं. त्या निमित्ताने गेल्या फेब्रुवारीत तीन आठवडे तिच्याकडे राहून आले. तेव्हापासून या विद्यापीठाने डोक्यात घर केलंय. मिळेल ते वाचत गेले, आणि आता कुणाशी तरी बोलल्याशिवाय राहवत नाही म्हणून हा धागा.

गाव फाइफ परगण्यातलं, पूर्व किनाऱ्यावरचं. नॉर्थ स्ट्रीट, मार्केट स्ट्रीट आणि साउथ स्ट्रीट असे तीन मुख्य रस्ते. पूर्वेकडे चालत गेलं की एका प्रचंड पडक्या कॅथीड्रलशी पोचतो, आणि त्याच्या मागे थेट उत्तर समुद्र. पहिल्याच दिवशी नॉर्थ स्ट्रीटवर लेकीने माझा दंड धरून मला बाजूला ओढलं. "आई, त्यावर पाय नको!" खाली फरसबंदीत दगडांनी पी आणि एच ही दोन अक्षरं बसवली आहेत. पॅट्रिक हॅमिल्टन. २९ फेब्रुवारी १५२८ ला, जेमतेम चोविशीतल्या या तरुणाला सेंट साल्वेटर कॉलेजच्या दारासमोर खांबाला बांधून जाळलं. गुन्हा काय, तर पोपला आव्हान देणाऱ्या जर्मन धर्मसुधारक ल्यूथरची मतं शिकवली. समुद्रावरून वारा सुटला होता, लाकडं ओली होती, जीव जायला सहा तास लागले. आजही विद्यार्थी त्या अक्षरांवर पाय देत नाहीत. चुकून पडलाच तर पदवी मिळत नाही म्हणतात, आणि त्यावर उतारा म्हणजे १ मेच्या पहाटे समुद्रात बुडी. हिवाळ्याचे कपडे घालून हिंडणारी मी त्या पाण्याकडे नुसती बघूनच काकडले. पण माझी मुलगी ती बुडी मारून आली, आणि तिचा पाय त्या अक्षरांवर कधीच पडला नव्हता. सगळे गेले म्हणून तीही गेली.

या विद्यापीठाच्या जन्माची गोष्ट मला सर्वांत जास्त भिडली. स्कॉटलंडमध्ये तेव्हा एकही विद्यापीठ नव्हतं. मुलं पॅरिसला जायची. पण १३७८ पासून ख्रिस्ती जगात एकाच वेळी दोन पोप होते, एक रोममध्ये, दुसरा आव्हिन्यॉंमध्ये. स्कॉटलंड आव्हिन्यॉंच्या तेराव्या बेनेडिक्टच्या बाजूचं. १४०८ मध्ये फ्रान्सने त्याची साथ सोडली आणि पॅरिसमधल्या स्कॉटिश मास्तरांचं तिथे राहणं अवघड झालं. इंग्लंडमध्ये जावं तर ते शत्रूचं राज्य. स्कॉटलंडचा राजा पहिला जेम्सच तिथे १४०६ पासून कैदेत होता. तेव्हा मूठभर शिक्षकांनी १४१० मध्ये सेंट अँड्र्यूजला शिकवायला सुरुवात केली. इमारत नाही, पदवी द्यायचा अधिकार नाही. बिशप हेन्री वॉर्डलॉने १४१२ च्या फेब्रुवारीत सनद दिली, पण पोपच्या शिक्क्याशिवाय पदवीला बाहेर किंमत नव्हती.

बेनेडिक्ट त्या वेळी स्पेनच्या किनाऱ्यावर पेनिस्कोलाच्या किल्ल्यात होता, जवळजवळ सगळ्यांनी टाकलेला. त्याने २८ ऑगस्ट १४१३ ला आज्ञापत्रं काढली. ती सेंट अँड्र्यूजला पोचायला पुढच्या वर्षीचा फेब्रुवारी उजाडला. वॉल्टर बोवर या इतिहासकाराने लिहून ठेवलंय की त्या दिवशी घंटा वाजल्या, धर्मगुरूंची मोठी मिरवणूक निघाली, रात्रभर शेकोट्या पेटल्या आणि लोक दारू प्यायले.

आणि पाचच वर्षांनी, १४१८ मध्ये, याच विद्यापीठाच्या कला शाखेने ठराव केला की आता बेनेडिक्टला सोडून नव्याने निवडलेल्या पाचव्या मार्टिनच्या मागे जायचं! ज्याने जन्म दिला त्यालाच सोडलं. बेनेडिक्ट शेवटपर्यंत त्याच किल्ल्यात राहिला. रोमच्या हिशेबी तो आज विरोधी पोप, म्हणजे खरा न मानलेला. पण विद्यापीठाच्या मानचिन्हात एक पालथी चंद्रकोर आहे, ती त्याचीच. त्याचं घराणं दे लूना, लूना म्हणजे चंद्र. सहाशे वर्षं झाली, चंद्रकोर त्यांनी पुसलेली नाही. ती कळल्यावर मी दारांवर, पाट्यांवर सगळीकडे ती शोधत फिरले.

मला खरं विचारायचंय ते असं. या विद्यापीठाकडे पैसा जवळपास कधीच नव्हता. प्रॉटेस्टंट धर्मक्रांतीत १५५९ ला कॅथीड्रल लुटलं गेलं आणि गावाचा कणाच मोडला. मग हे टिकलं कसं? तुम्हाला काय माहीत आहे ते लिहा.

---

तिरफळ

फार छान लिहिलंय, शेवंतीताई. वाचताना अंगावर काटा आला.

टिकलं कसं याआधी किती वेळा संपता संपता राहिलं ते सांगतो. १६९७ मध्ये विद्यापीठ उचलून पर्थला न्यायचं गंभीरपणे घाटत होतं. कारणं काय दिली होती, तर गाव आता खेडं झालंय, रस्त्यांवर उकिरडे आहेत, माशांच्या आतड्यांची घाण येते, खाणंपिणं महाग आहे आणि लोक विद्यार्थ्यांच्या अंगावर धावून येतात. शेवटी बेत बारगळला. १७४७ मध्ये मात्र सेंट साल्वेटर आणि सेंट लेनर्ड ही दोन कॉलेजं एकत्र करावी लागली, कारण दोन्ही चालवण्याइतकं उत्पन्न नव्हतं.

१७७३ च्या ऑगस्टमध्ये इंग्लिश लेखक आणि कोशकार डॉ. सॅम्युएल जॉन्सन त्याचा मित्र बॉझवेलबरोबर तिथे गेला. विद्यार्थी शंभराहून जास्त नाहीत असं त्याने लिहिलंय. सेंट लेनर्डच्या देवळाला तेव्हा रोपं वाढवायचं काचघर करण्याचा प्रयत्न झाला होता. जॉन्सनला ते आतून बघायचं होतं, पण दर वेळी काहीतरी सबब सांगून त्याला आत सोडलं नाही. त्याने ते बरोबर ओळखलं. तिथे लाज अजून शिल्लक होती, आणि जिथे लाज आहे तिथे पुढे कधीतरी सद्गुणही येईल अशी आशा आहे, अशा अर्थाचं त्याने लिहिलं.

खर्चाचा आकडाही त्याने दिलाय. सात महिन्यांचं सत्र, राहणं, जेवण आणि शिकवणी धरून वरच्या वर्गातल्या मुलाला सुमारे १५ पौंड, खालच्याला १० पौंडांच्याही आत. शेतकऱ्याचा, पाद्र्याचा मुलगा येऊ शकायचा तो म्हणूनच. टिकण्याचं एक कारण मला इथे दिसतं.

---

रेवा

शेवंती, आणखी एक गोष्ट आहे, जी लोक सांगायला कचरतात. पैशांच्या ओढीने त्या काळी सेंट अँड्र्यूज वैद्यकाच्या पदव्या टपालानेही देत असे. दोन डॉक्टरांची शिफारस आणि फी पाठवली की एम.डी. फ्रेंच राज्यक्रांतीतल्या ज्यां-पॉल मारालाही १७७५ मध्ये इथली एम.डी. अशीच मिळाली होती. त्यावरून विद्यापीठाची बरीच बदनामी झाली.

पण त्याच यादीत १७९२ साली एडवर्ड जेन्नरचं नाव आहे. चार वर्षांनी त्याने देवीची लस शोधली. ती लस बगदाद-बसऱ्याच्या वाटेने मुंबईला आली आणि १४ जून १८०२ ला मुंबईतच अ‍ॅना डस्टहॉल या तीन वर्षांच्या मुलीला टोचली गेली. भारतातली ती पहिली लस. पुढे तिच्या फोडातली लस वापरून इतर मुलांना टोचण्यात आलं. मी स्वतः आरोग्य खात्यात लसीकरणाचं काम केलेली बाई आहे, त्यामुळे त्या पोरीचं नाव घेतल्याशिवाय मला पुढे जाववत नाही.

---

शेवंती

रेवाताई, हे मला अजिबात माहीत नव्हतं. मनापासून आभार.

विकत घेतलेली पदवी म्हणून जेन्नरला मात्र मी कमी लेखणार नाही. तो लंडनच्या नामवंत शल्यविशारद जॉन हंटरच्या हाताखाली शिकलेला, वीस वर्षं खेड्यात वैद्यकी केलेला माणूस. त्याचं शिक्षण रोग्यांच्या खाटेशी झालं होतं, कागद नंतर आला. चूक विद्यापीठाची होती आणि ती लपवू नये, हे तुमचं म्हणणं मात्र पटलं.

---

हर्णैकर

मी दापोली तालुक्यातला. सेंट अँड्र्यूजचा आणि आमच्या किनाऱ्याचा संबंध आहे, म्हणून लिहितो.

१८२३ ते २८ या काळात थॉमस चामर्स तिथे नीतिशास्त्राचे प्राध्यापक होते. त्यांच्या प्रभावाखालच्या सहा विद्यार्थ्यांनी मिशनरी व्हायचं ठरवलं. गुरू धरून त्यांना सेंट अँड्र्यूजचे सात म्हणतात. त्यांतला अलेक्झांडर डफ कलकत्त्याला गेला आणि गाजला. पण रॉबर्ट नेसबिट १८२७ मध्ये मुंबईला उतरला, आणि स्कॉटिश मिशनची ठाणी तेव्हा आमच्याकडे, बाणकोट-हर्णैच्या पट्ट्यात होती. त्याचं मराठी त्याच्या काळच्या युरोपियनांत अव्वल मानलं जायचं. विल्सन कॉलेजचे जॉन विल्सनही १८२९ मध्ये आल्यावर मराठी शिकायला आधी याच भागात राहिले.

आमच्या बंदरात उभं राहून मी अनेकदा विचार करतो. उत्तर समुद्राच्या काठावर शिकलेला पोरगा इथल्या कोळ्या-कुणब्यांकडून बोली शिकत कसा बसला असेल. त्याच्या धर्मप्रसाराशी माझं जमणार नाही, पण ज्याने माझी भाषा इतक्या कष्टाने शिकली त्याच्याबद्दल मला आदर आहे.

---

दीपमाळ

हर्णैकर, आदर ठीक, पण याच नेसबिटची दुसरी बाजूही धाग्यात यायला हवी.

१८४३ मध्ये नारायण शेषाद्री या तरुणाने नेसबिटकडून बाप्तिस्मा घेतला. त्याचा धाकटा भाऊ श्रीपत, जेमतेम बारा वर्षांचा, तोही मिशनमध्ये जाऊन राहिला. वडिलांनी मुंबईच्या सुप्रीम कोर्टात नेसबिटविरुद्ध अर्ज केला आणि न्यायमूर्ती पेरींनी मुलगा बापाच्या ताब्यात द्यायला लावला. मुलगा घरी आला खरा, पण मिशनऱ्यांच्या घरी जेवलेला म्हणून जातीने त्याला घ्यायचं नाकारलं. तेव्हा बाळशास्त्री जांभेकर त्याच्या पाठीशी उभे राहिले. प्रायश्चित्त देऊन त्याला परत घ्या, असा आग्रह त्यांनी धरला आणि त्यापायी सनातन्यांचा रोष ओढवून घेतला. पोंभुर्ल्याचे, 'दर्पण' काढणारे तेच बाळशास्त्री.

बारा वर्षांच्या मुलाला आईबापांपासून वेगळं ठेवणं मला कुठल्याही श्रद्धेच्या नावाखाली मान्य नाही. आणि तो परत आल्यावर दार लावून घेणारे आपले लोक, तेही नाही.

---

हर्णैकर

दीपमाळ, तुमचं म्हणणं रास्त आहे. श्रीपतचं प्रकरण मला बाळशास्त्रींच्या बाजूने माहीत होतं, समोरचा माणूस हाच नेसबिट हे लक्षात आलं नव्हतं. माझा आदर त्याच्या मराठीपुरता ठेवतो.

---

रेवा

बायकांचं कुणीच लिहीत नाहीये, मी लिहिते.

१८६२ मध्ये एलिझाबेथ गॅरेट वैद्यक शिकायला सेंट अँड्र्यूजला आली. तिने फी भरली, प्रवेशपत्र हातात पडलं. मग सेनेटची बैठक झाली, प्रवेश बेकायदा ठरला आणि पैसे परत करण्यात आले. तिने पुढे १८७० मध्ये पॅरिसला एम.डी. केली.

त्याच विद्यापीठाने १८७७ मध्ये बायकांसाठी एक परीक्षा सुरू केली, नाव 'लेडी लिटरेट इन आर्ट्स'. घरी बसून, टपालाने शिकायचं आणि जवळच्या केंद्रावर परीक्षा द्यायची. काठिण्य एम.ए.च्या तोडीचं. विल्यम नाइट या प्राध्यापकांनी ती योजना चिवटपणे चालवली. ती पन्नासहून अधिक वर्षं चालली आणि पाच हजारांवर बायकांना तिची पदविका मिळाली. ज्या टपालाने विद्यापीठाची नाचक्की केली, त्याच टपालाने हजारो बायकांना शिकवलं! १८९२ पासून पुरुषांबरोबर प्रवेश, आणि १८९५ मध्ये अ‍ॅग्नेस ब्लॅकॅडर ही पहिली पदवीधर.

तुम्ही विचारलंत ना कसं टिकलं? १८७० च्या दशकात तिथे दीडशेच्या आत विद्यार्थी होते. बायका आल्या आणि विद्यापीठाला धुगधुगी आली, असं माझं ठाम मत आहे.

---

तिरफळ

रेवाताई, +१. फक्त त्यात डंडी जोडा. शेजारच्या डंडी शहरात १८८१ मध्ये कॉलेज निघालं, तागाच्या गिरण्यांचं गाव, पैसा होता. ते १८९७ मध्ये सेंट अँड्र्यूजला जोडलं गेलं आणि १९६७ पर्यंत एकत्र होतं. डंडीत वनस्पतिशास्त्र शिकवणारे पॅट्रिक गेडीस १९१९ मध्ये मुंबई विद्यापीठात आले आणि इथला समाजशास्त्र विभाग त्यांनी उभा केला. मालवणचे समाजशास्त्रज्ञ गो. स. घुर्ये त्यांचेच विद्यार्थी.

---

त्रिज्या

उशिरा आले, पण माझ्या विषयाचं कुणी लिहिलेलं नाही म्हणून थोडं सविस्तर लिहिते. मी शाळेत गणित शिकवते.

लॉगॅरिथमवाले जॉन नेपिअर १५६३ मध्ये, तेरा वर्षांचे असताना, सेंट साल्वेटर कॉलेजात दाखल झाले होते. पण माझा जीव जेम्स ग्रेगरीवर आहे. परावर्तक, म्हणजे आरशाच्या दुर्बिणीची रचना त्याने १६६३ मध्ये, पंचविशीच्या आत छापली. १६६८ मध्ये तो सेंट अँड्र्यूजला गणिताचा पहिला राजनियुक्त प्राध्यापक झाला. ग्रंथालयाचं वरचं लांबलचक दालन ही त्याची प्रयोगशाळा. खिडकीतून दक्षिणेकडे टेकडीवरच्या खुणेच्या रोखाने त्याने १६७३ मध्ये जमिनीवर एक उत्तर-दक्षिण रेषा आखली. ग्रिनिचची शून्य रेखांशाची रेषा जगाने मान्य केली ती १८८४ मध्ये, हिशेब करा.

स्पर्शज्येच्या व्यस्ताची (arctan) श्रेणी त्याने १६७१ मध्ये एका पत्रात लिहून पाठवली. आज आपण तिला केरळच्या माधवाच्या नावानेही ओळखतो, कारण संगमग्रामच्या माधवाने ती अडीचशेहून जास्त वर्षं आधी काढली होती. दोघांना एकमेकांचा पत्ता नव्हता. वर्गात मी दोन्ही नावं एकदम फळ्यावर लिहिते.

वेधशाळेसाठी पैसे नाहीत म्हणून या माणसाने अ‍ॅबरडीनला चर्चच्या दारांबाहेर वर्गणी गोळा केली. पण सेंट अँड्र्यूजमधले सहकारी जुन्या अभ्यासक्रमाला चिकटलेले. नवं गणित त्यांना नको होतं. त्याचा पगारही अडवला गेला. १६७४ मध्ये तो एडिंबरोला निघून गेला. वर्षभरात एका रात्री विद्यार्थ्यांना गुरूचे चंद्र दाखवताना त्याला झटका आला आणि काही दिवसांत तो गेला. वय ३६.

शेवंतीताई, तुमच्या प्रश्नावर माझं मत जरा कडू आहे. टिकणं पुरेसं नाही. ज्या विद्यापीठाने ग्रेगरीला धरून ठेवलं नाही, ते त्यानंतर दीडशे वर्षं खंगलं यात मला नवल वाटत नाही.

---

शेवंती

त्रिज्या, तुमचं वाचून बराच वेळ काही लिहिता आलं नाही. ती रेषा मी पाहिली. आता बाहेर साउथ स्ट्रीटच्या पदपथावरही धातूची पट्टी बसवून ती पुढे वाढवली आहे. मी तिच्या दोन बाजूंना दोन पाय ठेवून उभी राहिले. बाजूने मुलं हातात कॉफी घेऊन भराभर चालली होती. तो पगार अडवलेला माणूस तेव्हा मला माहीत असता तर आणखी वेळ थांबले असते.

तुमचं मत मी खोडणार नाही. पण मला तिथे आणखी एक गोष्ट दिसली. रविवारी प्रार्थनेनंतर विद्यार्थी लाल झगे घालून बंदराच्या लांब धक्क्यावर चालत जातात. झगा कसा घातलाय त्यावरून वर्ष कळतं. पहिल्या वर्षाचा झगा दोन्ही खांद्यांवर नीट, मग दर वर्षी थोडा खाली घसरतो, चौथ्या वर्षी थेट कोपरांवर. पहिल्या वर्षाच्या मुलाला 'बेजंट' म्हणतात. मूळ फ्रेंच शब्द 'पिवळी चोच' असा, म्हणजे घरट्यातलं पिल्लू. पॅरिसहून परतलेल्या त्या मास्तरांच्या काळातला शब्द अजून पोरांच्या तोंडी आहे! नव्या मुलांना वरच्या वर्गातले 'आई' आणि 'बाबा' मिळतात, आणि पिल्लांनी पूर्वी त्यांना आभार म्हणून पौंडभर मनुका द्यायच्या, बदल्यात लॅटिनमध्ये पावती घ्यायची. माझी लेक पुण्याहून एकटी गेलेली. पहिल्या महिन्यात तिला ताप आला तेव्हा तिची तिथली 'आई', वयाने तिच्याहून दोन वर्षांनी लहान, सूप घेऊन दोन मजले चढून आली.

पोप गेले, कॅथीड्रल गेलं, पैसा गेला, तरी वरचा मुलगा खालच्या मुलाला सांभाळतो ही रीत तिथे राहिली. मला वाटतं, टिकलं ते यामुळे. याला पुरावा म्हणून मी काही दाखवू शकत नाही, पण तीन आठवडे बघून माझं हेच मत झालंय.

---

त्रिज्या

शेवंतीताई, तुमच्या लेकीच्या 'आई'चं वाचून डोळे भरून आले. मत थोडं मऊ करते.

जाता जाता, ग्रेगरीने १६७३ मध्ये एका पत्रात पक्ष्याच्या पिसाचा प्रयोग लिहिलाय. अंधाऱ्या खोलीत बारीक छिद्रातून ऊन घ्यायचं आणि छिद्रापाशी पीस धरायचं. न्यूटनच्या लोलकाने रंग पडतात तसे पिसानेही पडतात. विवर्तनाची, म्हणजे बारीक फटींतून जाताना प्रकाश पसरण्याची, ती फार जुनी नोंद. सोमवारी आठवीच्या वर्गात करून बघणार आहे. कुणी केलाय का? माझ्याकडे कावळ्याचं पीस आहे.

---

हर्णैकर

त्रिज्याताई, मी केलाय, भाच्याबरोबर. कावळ्याचं नको. पीस पांढरं आणि जितकं नाजूक तितकं बरं, हे ग्रेगरीनेच लिहिलंय. आमच्याकडे किनाऱ्यावर समुद्रपक्ष्यांची पिसं पडलेली असतात, तुम्हाला बगळ्याचं मिळालं तरी चालेल. खिडकीला काळा पुठ्ठा लावा, त्याला सुईने एकच भोक पाडा, आणि समोरच्या भिंतीवर पांढरा कागद. मुलांना भोकातून उन्हाकडे मात्र बघू देऊ नका. मधला ठिपका पांढरा दिसेल आणि बाजूचे रंगीत. सकाळी साडेनऊच्या सुमाराला आमच्याकडे सगळ्यात स्वच्छ दिसले होते.